साठ मीटरवरचा दिवा

प्रत्येक थोर प्रेमाची सुरुवात प्रकाशाने होते. अंधारलेल्या आयुष्यात कुठूनसा एक किरण येतो आणि दोन जीव उजळून निघतात. या गोष्टीतला किरण तीनशे मिलिकँडेलाचा होता. मिलिकँडेला हे दिव्याच्या तेजाचं माप. भर उन्हात तीनशे म्हणजे किती, तर दिवा लागलाय की नाही हे बघायला त्याच्यावर हाताची सावली धरावी लागते, एवढा.

तो दिवा एका मुलीच्या पिशवीत, मोज्यात गुंडाळलेला होता. पिशवीत असे चार मोजे होते, चारही वेगवेगळ्या जोड्यांतले. एकात तीनशेचा दिवा, दुसऱ्यात हजाराचा, तिसऱ्यात तीन हजारांचा, चौथ्यात आठ हजारांचा. दिवे वाटाण्याएवढे आणि दिसायला अगदी सारखे, म्हणून मोजे वेगळे. पिशवी खांद्याला लावून ती पाणीपुरवठ्याच्या फाटकासमोर उभी होती आणि फाटकाला कुलूप होतं.

आतून एक तरुण आला. हातात चिंधी, चिंधीला ग्रीस, आणि चेहऱ्यावर पंपाचा आवाज ऐकून ऐकून आलेला शांतपणा.

"उघडा. मी दिवेवाली," ती म्हणाली.

"दिवे गेलेले नाहीयेत."

"गेले असं मी म्हटलंच नाही. मी बसवायला आलेय."

"कुठे?"

तिने वर बोट दाखवलं. वर, खांबांवर उभी असलेली पाण्याची टाकी.

"शहाण्णव पायऱ्या आहेत," तो म्हणाला.

"मोजल्यात?"

"मी कशाला मोजू? गुडघे सांगतात."

तिला हसू आलं. ते तिने दाबलं, पण थोडं उशिरा. त्याने कुलूप उघडलं. किल्ली दोनदा चुकली. त्या जुडग्यात दोनच किल्ल्या होत्या.

काम तसं साधं होतं. टाकी भरली की तिच्या कठड्यावरचा दिवा लागणार, आणि साठ मीटरवरच्या पंपघरात बसलेला ऑपरेटर, म्हणजे हाच तरुण, तो बघून पंप बंद करणार. टाकी भरल्यावर पंप आपोआप बंद करणारं यंत्रही जगात असतं, पण त्याची फाईल सहा वर्षांपासून एका टेबलावर विश्रांती घेत होती. तोवर दिवा. आता दिवा किती तेजाचा हवा, हा प्रश्न. मंद घेतला तर उन्हात विरघळतो. प्रखर घेतला तर रात्री समोरच्या इमारतीतल्या लोकांच्या उशीवर येऊन बसतो. म्हणून नियम असा, की मंद दिव्यापासून सुरुवात करायची. एकाने दिवा लावायचा-विझवायचा, दुसऱ्याने लांबून सांगायचं, लागला की नाही. चाळीसपैकी चाळीस उत्तरं बरोबर आली की तो दिवा पास. आणि खबरदारी म्हणून त्याच्या एक पायरी वरचा दिवा बसवायचा.

ती ज्या कारखान्यात होती तिथे सात माणसं होती आणि त्यातले एक मालक. मालकांनी तिला सांगून ठेवलं होतं, "हे काम नीट झालं तर चाचणीचं टेबल तुझं. खिडकीजवळचं. बिघडलं तर पुन्हा पॅकिंगला." पॅकिंगच्या टेबलावर तिने दोन वर्षं काढली होती. तिथे खिडकी नव्हती, चिकटपट्टी होती.

लांबून बघायचं काम खरं तर काकांचं होतं. काका म्हणजे व्हॉल्व उघडायचे-बंद करायचे ते जुने कर्मचारी. त्यांची नजर अशी, की उडत्या घारीच्या पायात काय आहे ते खालून सांगत. पण नेमके त्या दिवशी काका दाढ काढायला गेले होते. जगाचा इतिहास एका दाढेने बदलतो असं कुणी म्हणत नाही, पण हा बदलला.

"तुम्ही बघाल का?" तिने विचारलं.

"काय?"

"दिवा. आणखी काय?"

"नाही… म्हणजे हो. दिवाच."

ती वर गेली. वर वारा इतका होता की पायऱ्या चढतानाच तिचा केसांचा चाप निसटून खाली कुठेतरी गेला. कठड्याजवळ पोचेपर्यंत केसांनी तिचं तोंड व्यापून टाकलं होतं. एका हाताने फोन कानाशी, दुसऱ्या हाताने केस मुठीत. चाळीस वेळांची यादी, कधी लावायचा आणि कधी नाही, कारखान्यातल्या सोल्डरिंगवाल्या मावशींनी नाणं उडवून करून दिली होती. ती यादी तिने कठड्याला चिकटवली. दिवा लावायचा असला की केसांचा हात सोडून बटण दाबायचं, मग पुन्हा केस पकडायचे. वैताग होता.

"ऐकू येतंय?" ती फोनवर म्हणाली.

"येतंय. तुम्ही वाऱ्याने उडून नाही ना जाणार?"

"माझी काळजी नको. दिव्याकडे बघा. एक. सांगा."

"लागला."

"बरोबर. दोन. सांगा."

"नाही."

"बरोबर. तीन."

"लागला."

"चार."

"…लागला."

"एवढा वेळ का लागला?"

"नीट बघत होतो."

तीनशेच्या दिव्याला कुणी चाळीसपैकी चाळीस देईल असं तिला वाटलं नव्हतं. पंधराव्याला तिने यादी पुन्हा तपासली. पंचविसाव्याला तिचा आवाज चढला. टाचा आपोआप टकटक करत होत्या. खाली, साठ मीटरवरच्या खिडकीत, एक निळा शर्ट दिसत होता आणि तो जराही हलत नव्हता. इतका वेळ एवढं लक्षपूर्वक तिच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. म्हणजे तिच्या दिव्याकडे.

"चाळीस. सांगा."

"नाही लागला."

"बरोबर," ती म्हणाली. "झालं."

"झालं? एवढंच?"

"नियमाप्रमाणे एवढंच."

तिने दिवा मोज्यात गुंडाळायला घेतला.

"पिशवीत आणखी तीन आहेत म्हणालात," तो म्हणाला.

"त्यांची गरज नाही."

"पण एवढ्या पायऱ्या चढून गेलात…"

मग तिने उरलेले तीनही दिवे तपासले. प्रत्येकी चाळीस वेळा. नोंदवहीत त्याला तिने "अधिक खात्रीसाठी" असं कारण लिहिलं. एकशेसाठपैकी एकशेसाठ उत्तरं बरोबर आली. खाली उतरली तेव्हा त्याने तिच्या हातात चाप ठेवला. पायऱ्यांखाली चिखलात सापडला म्हणाला. धुऊन, चिंधीने पुसून. चापाला थोडं ग्रीस लागलं होतं.

"तुमचे डोळे फार चांगले आहेत," ती म्हणाली.

तो काहीतरी बोलणार होता. मग नुसताच म्हणाला, "बघण्यासारखं असलं की दिसतं."

रात्री जेवताना तिने घरी सगळं सांगितलं. म्हणजे दिव्याचं. तिच्या बाबांचं चष्म्यांचं दुकान होतं. तीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत बघून त्यांचा माणुसकीवरचा विश्वास उडाला होता, नंबरावरचा शाबूत होता.

"बघणाऱ्याचे डोळे तपासलेस का?" त्यांनी विचारलं.

"बाबा, तुम्हाला रस्त्यावरचा खांबसुद्धा गिऱ्हाईक वाटतो."

"खांबाला लोक धडकतात. ती सगळी माझीच गिऱ्हाइकं."

"त्याने एकशेसाठपैकी एकशेसाठ सांगितले."

"तो कोण?" आई म्हणाली.

"ऑपरेटर."

"नुसता ऑपरेटर म्हणायचं तर दोनदा वाढून घेतलेला भात तसाच का थंड होतोय?"

ती उठून पाणी प्यायला गेली. पाणी ताटाजवळच ठेवलेलं होतं.

नियमाप्रमाणे हजाराचा दिवा बसला. एक महिना तो वापरून बघायचा, महिन्याच्या शेवटी ऑपरेटरने दाखल्यावर सही करायची, मग शहरातल्या चाळीसही टाक्यांवर तोच दिवा. या महिन्यात कारखान्याला करण्यासारखं काही नव्हतं. तिने करायचं शोधून काढलं. ती रोज फोन करायला लागली.

"दिवा दिसतोय ना?"

"दिसतोय."

"आज ऊन फार आहे."

"तरी दिसतोय."

"तुम्हाला धाप का लागलीय?"

"…पंप जुना आहे."

पंप जुना असला की ऑपरेटरला धाप का लागावी, हे तिने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने दोनदा फोन केला, तिसऱ्या दिवशी तीनदा. सकाळचं ऊन वेगळं, दुपारचं वेगळं, कलतं ऊन तर अगदीच वेगळं, हे शास्त्र आहे. कलत्या उन्हात विझलेला दिवासुद्धा लागल्यासारखा चमकतो, त्यावर ते दोघं एकदा बावीस मिनिटं बोलले. त्यातली चार मिनिटं दिव्यावर होती.

"तुम्हाला पायऱ्यांवरून खाली बघताना भीती नाही वाटली?" त्याने विचारलं.

"वाटली."

"दिसलं नाही तसं."

"साठ मीटरवरून भीती दिसते का?"

"तुमची दिसली असती."

तिने फोन ठेवला आणि उगाच चालत गोदामापर्यंत जाऊन आली. मग पुन्हा गेली. तिसऱ्या फेरीला सोल्डरिंगवाल्या मावशींनी चष्म्यावरून बघितलं. मावशींच्या हातातून धुराची बारीक रेघ वर जात होती.

"काय गं, गोदामात काही सांडलंय का तुझं?"

"पाय मोकळे करतेय."

"दिवसभर मोकळेच आहेत. बस जरा. त्या दिव्याची एवढी चौकशी त्याच्या आईनेसुद्धा केली नसती."

"मावशी, कामाचं आहे ते."

"हो हो. आणि त्याला धाप लागते म्हणालीस ना? ती पण कामाचीच."

तिला बसवेना. टेबल, खिडकी, दाखला, सही, या सगळ्याचा विचार करायचा होता, आणि विचार दर वेळी एका निळ्या शर्टापाशी जाऊन थांबत होता. झोप लागायची, पण वरवरची. बस वेळेवर यायची, तरी ती थांब्यावर येरझाऱ्या घालायची. महिना संपायला आठ दिवस राहिले, मग पाच. एरवी मालकांच्या तोंडून महिन्यातून एकदा शाबासकी यायची, आता दिवसातून एकदा यायला लागली. "अगदी योग्य दिवा निवडलास," ते म्हणायचे. "कमी वीज, कमी झगमगाट." आणि खिडकीजवळच्या टेबलावरचे खोके त्यांनी स्वतः उचलून बाजूला ठेवले.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दाखला पिशवीत घालून ती निघाली. केस तिने या वेळी घट्ट बांधले होते. मागच्या वेळचा वैताग तिच्या लक्षात होता.

फाटकाशी काका भेटले. नवी कवळी, जुना आवाज.

"सही घ्यायला आलात? घ्या, घ्या. पोरगं बारीक झालंय अगदी."

"आजारी होते का?"

"छे. दिवसातून चौदा वेळा वर जातो. शहाण्णव पायऱ्या. वर जायचं, टाकीत डोकवायचं, खाली यायचं, पंप बंद करायचा. मी म्हटलं, अरे, कशाला? तर म्हणतो, व्यायाम."

ती थांबली. "टाकीत डोकवायला?"

"टाकी भरली का बघायला."

"पण दिवा आहे ना…"

"आहे की. मला तर दिसतो बुवा," काका म्हणाले. ते बिचारे आपली समजूत घालताहेत, असं तिला वाटलं. घारीचे पाय बघणाऱ्या माणसाची साक्ष धरायची नसते.

पंपघरात तो टेबलाशी उभा होता. टेबलावर पेन काढून ठेवलं होतं, टोपण उघडून. चेहरा खरंच उतरला होता. तिला बघून त्यावर काहीतरी उजळलं आणि लगेच विझलं.

"द्या, सही करतो," तो म्हणाला.

"आधी चाळीस वेळा बघायचं. पुन्हा."

"कशाला? रोज बघतोच आहे."

"चौदा वेळा. वर जाऊन."

त्याने पेनाचं टोपण लावलं. पुन्हा काढलं. "काका फार बोलतात."

"खिडकीत उभे राहा. फोन उचला."

शहाण्णव पायऱ्या ती न थांबता चढली. दिव्याच्या डबीवर चाचणीचं बटण होतं. केस बांधलेले, त्यामुळे एक हात सगळा वेळ बटणावर. उन्हाने कठडा तापला होता. खाली पंप घुमत होता आणि टाकीत पाणी चढत होतं.

"एक. सांगा."

"…लागला?"

"मला काय विचारता? दोन."

"लागला. नाही… नाही."

"तीन."

खाली तो खिडकीतून अर्धा बाहेर वाकला. वीसपर्यंत तिने मोजलं, मग मोजायचं सोडलं आणि नुसत्या खुणा करत गेली. शेवटी बेरीज केली. चाळीसपैकी एकोणीस बरोबर. उतरताना पायऱ्यांचा आवाज सगळ्या आवारात गेला.

तो टाकीखाली, खांबांच्या सावलीत येऊन उभा होता.

"एकोणीस," ती म्हणाली. "डोळे मिटून नाणं उडवलं असतं तर वीस आले असते. खोटं का बोललात? महिनाभर. रोज तीन-तीनदा."

"तुम्ही फोन करत होतात म्हणून…"

"म्हणजे आता चूक माझी?"

"नाही. दिसत नाही म्हटलं असतं तर फोन बंद झाले असते. आणि तुमचं टेबलही गेलं असतं. खिडकीचं. तुम्हीच सांगितलं होतंत, पॅकिंगला खिडकी नाही."

"आणि पहिल्या दिवशी? तेव्हा टेबलाचं कुठे माहीत होतं? एकशेसाठपैकी एकशेसाठ कसे आले?"

त्याने मान खाली घातली. हातात चिंधी नव्हती, तरी तो हात पुसत होता.

"आज तुमचे केस बांधलेत," तो म्हणाला.

"केसांचा काय संबंध?"

"त्या दिवशी सुटे होते. तुम्ही हाताने धरून ठेवले होते. बटण दाबायचं असलं की हात सुटायचा आणि केस उडायचे. एवढे…" त्याने हात पसरून दाखवलं. "दिवा मला एकदाही दिसला नाही. पहिल्या दोन-तीन वेळा शोधला, अंदाजाने बोललो, ते खरं निघालं. मग शोधायचं सोडलं. केस उडाले की लागला म्हणायचं, नाही उडाले की नाही. आणि प्रत्येक वेळी तुम्ही बरोबर म्हणायचात. असं… आनंदाने. मग माझ्याच्याने थांबवेना."

ती त्याच्याकडे बघत राहिली. राग होता, भरपूर होता, पण तो ठेवायला जागा सापडेना.

"म्हणजे तू महिनाभर शहाण्णव पायऱ्या…" ती म्हणाली. तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"चौदा वेळा. सवय झालीय. तो दाखला दे इकडे, मी सही करतो. काही बिघडत नाही. मी चढत राहीन."

"आणि बाकीच्या टाक्या? चाळीस टाक्या आहेत. उरलेल्या एकोणचाळीस ऑपरेटरांचं कुणावर प्रेम आहे ते मला माहीत नाही."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि मग तिने ते ऐकलं. त्यानेही ऐकलं. पंप घुमत होता. तिची टाच टकटक करायची थांबली होती, महिन्यात पहिल्यांदा.

"चाळिसाव्याचं माहीत आहे?" त्याने हळूच विचारलं.

"साठ मीटरवरून दिसत नव्हतं," ती म्हणाली. "आता दिसतंय."

आभाळात ढग नव्हता. तरी पाऊस आला. आधी एक थेंब तिच्या कपाळावर, मग त्याच्या खांद्यावर, आणि मग टाकीच्या कठड्यावरून एक सबंध पडदाच्या पडदा उन्हात चमकत खाली आला. पाणी गार होतं, शुद्ध केलेलं होतं, आणि त्याला औषधाचा मंद वास होता. तिच्या बांधलेल्या केसांतून ते मानेवर उतरलं. त्याने तिला बाजूला ओढायला हात धरला आणि बाजूला ओढायचं विसरला. दाखला तिच्या मुठीत होता. शाई पसरत गेली आणि सहीची जागा सगळ्यात आधी पुसली गेली.

मग पंप थांबला. पंपघराच्या दारातून काका बाहेर आले.

"दिवा लागून पाच मिनिटं झाली," काका म्हणाले. "मला वाटलं, तुम्ही दोघं बघत असाल."

त्या दोघांनी वर पाहिलं. कठड्यावर काहीतरी असल्यासारखं त्याला वाटलं. तिला पाण्याखेरीज काहीच दिसलं नाही, कारण डोळ्यांत पाणी होतं. टाकीचं.

दुसऱ्या दिवशी तिने मालकांच्या टेबलावर नापास झाल्याचा अहवाल ठेवला. रात्रभर ती तळमळली होती. अहवाल बदलता आला असता, आठ ओळींचाच होता. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं होतं: "चाचणी घेणारीचे केस." मालकांनी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना चष्मा काढला.

"फार मोठे दिवे लावलेस," ते म्हणाले. "हे मी वर काय म्हणून पाठवू?"

"आहे तसं. मी पॅकिंगला जाते."

"आणि तो मुलगा?"

"तो पुन्हा बघेल. या वेळी मी पडद्यामागे असेन."

ती खरंच पॅकिंगला गेली. खिडकी नसलेल्या टेबलावर तीन आठवडे चिकटपट्टी लावत बसली, आणि गंमत म्हणजे तिथे तिला बसवत होतं. संध्याकाळी सुटल्यावर फाटकाबाहेर निळा शर्ट उभा असायचा. मावशी म्हणायच्या, "आज धाप नाही लागली वाटतं," आणि तो मान खाली घालून म्हणायचा, "पायऱ्या कमी झाल्या, मावशी."

चाचणी पुन्हा झाली. कठड्यावर मधोमध जुना पडदा बांधला, पडद्यामागे ती. हजाराला एकवीस बरोबर. तीन हजारांना चाळीसपैकी चाळीस. म्हणजे नियमाप्रमाणे एक पायरी वर, आठ हजारांचा दिवा. चाळीस टाक्यांवर तो बसवायचं ठरलं. मालकांना वरून शाबासकीचं पत्र आलं. त्यात "प्रामाणिक चाचणी" असे शब्द होते, आणि ते आपल्याबद्दल आहेत असं समजून मालकांनी तिला खिडकीजवळचं टेबल दिलं. खिडकीतून समोरच्या कारखान्याची भिंत दिसत होती. तिला ती आवडली.

मग एका रविवारी तो तिच्या बाबांना भेटायला दुकानात गेला. इस्त्रीचा शर्ट, घट्ट बूट, आणि पाठ करून आणलेली चार वाक्यं. तो एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत उभा राहिला. पहिलं वाक्य अर्धं झालं तेव्हा बाबांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"डोळे बारीक करून का बघतोस?"

"सवय आहे."

"बस," बाबा म्हणाले.

तो बसला. त्याला वाटलं, आता घराण्याची चौकशी. बाबांनी त्याचा उजवा डोळा झाकला आणि समोरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. दारात ती उभी होती, नखं खात. त्याने पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसरी ओळ त्याला नुसती रेघ दिसत होती, हे त्याने बराच विचार करून कबूल केलं.

"खोटं बोलत नाही, हे चांगलं आहे," बाबा म्हणाले आणि काचा बदलायला लागले.

दोन्ही डोळ्यांना उणे सव्वा नंबर निघाला. चष्मा चार दिवसांनी मिळाला. त्याने तो लावून आधी तिच्याकडे पाहिलं, आणि तिच्या डाव्या भुवईवर एक बारीक तीळ आहे, हे त्याला पहिल्यांदा कळलं. तो काहीतरी बोलायला गेला. तिने बोलू दिलं नाही.

हजाराचा जुना दिवा अजून कठड्यावरच होता. काढायची परवानगी यायची होती. सोमवारी दुपारी, कडक उन्हात, काका वर गेले आणि त्यांनी यादीप्रमाणे बटण दाबलं. तो खिडकीत उभा राहिला, चष्मा लावून. चाळीसपैकी चाळीस बरोबर आले. एव्हाना आठ हजारांचे दिवे चाळीसही टाक्यांवर बसवून झाले होते आणि समोरच्या इमारतीतल्या लोकांनी जाड पडदे शिवून घेतले होते.